डिकीतली अर्धी जागा

मित्रांनो, गाडीच्या डिकीत अंधारात बसून जो धडधडतो ना, तो मी. वूफरचा बॉक्स. वय वर्षं आठ, म्हणजे आमच्या जातीत मी म्हातारा. लोक मला सरसकट खोका म्हणतात. खोक्यात बूट येतात, टोमॅटो येतात. माझ्या पोटात हवा असते आणि तीही मोजून मापून भरलेली. वूफर म्हणजे तो मोठा, काळा, गोल स्पीकर. गाण्यातला खालचा, जाड आवाज तो काढतो. पण नुसता हातात धरून वाजवला तर बिचारा घसा बसल्यासारखा फुसफुसतो. त्याला खरा आवाज मिळतो तो माझ्यामुळे. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनेच सांगतो.

ज्या गाडीत मी राहतो तिचा मालक लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला मी मनातल्या मनात लिफ्टवाला म्हणतो. त्याच्या आईला मात्र मीही आईच म्हणतो. आईंनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. पुढे पाय साथ देईनात, म्हणून त्या चाकांच्या खुर्चीत बसू लागल्या. लिफ्टवाल्याचे बाबा गेले त्यानंतर त्या घरात वर्षभर कुणी गाणं लावलं नव्हतं. जेवताना चमच्याचा आवाज यायचा तेवढाच. आणि मग एक दिवस लिफ्टवाला एका पुठ्ठ्याच्या डब्यातून नवा कोरा वूफर घेऊन सुतारकाकांच्या कारखान्यात आला.

मी तेव्हा बॉक्स नव्हतो. भिंतीला टेकवून ठेवलेलं अठरा मिलिमीटर जाडीचं प्लायवूड होतो. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गुरुवार होता. गुरुवारी लिफ्टवाल्याला सुट्टी असायची आणि त्या दिवशी तो आईंना त्यांच्या मोठ्या बहिणीकडे घेऊन जायचा. दोघी बहिणी दुपारभर पत्ते खेळायच्या, भांडायच्या आणि पुढच्या गुरुवारचं भांडण ठरवून उठायच्या. आईंचं आठवड्यातलं घराबाहेर पडणं एवढंच. वाटेत सुतारकाकांकडे थांबायचं होतं, म्हणून लिफ्टवाल्याने डिकीतून खुर्ची काढली, उघडली आणि आईंना कारखान्याच्या सावलीत आणून बसवलं.

"ह्यात काय कोंबड्या ठेवायच्यात का?" कागदावरचं चित्र पाहून सुतारकाकांनी विचारलं.

"काका, वूफरचा बॉक्स आहे हा. दोन प्रकारचे असतात. एक सगळीकडून बंद. तो लहान असतो, त्याचा आवाज आटोपशीर येतो. दुसऱ्याला पुढे एक भोक ठेवतात. त्याला पोर्ट म्हणतात. आतली हवा त्यातून बाहेर ढकलली जाते आणि आवाज दुप्पट घुमतो. फक्त जागा दुप्पट लागते."

"मग तुला कुठला हवा?"

"घुमणारा!" लिफ्टवाला म्हणाला आणि डिकी उघडून शीळ घालत माप घेऊ लागला. टेपचं एक टोक त्याच्या हातात होतं, दुसरं आईंनी धरलं होतं.

"आतलं माप लिहितोयस की बाहेरचं?" आईंनी विचारलं. "फळीची जाडी दोन्ही बाजूंनी जाणार. बाहेरून माप घेशील तर पोटात जागा कमी पडेल. कॉलर शिवताना असंच फसायला होतं."

सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि सगळे आकडे खोडून नव्याने मांडले. "वहिनी, तुम्ही इथे कामाला या," असं ते म्हणाले तेव्हा आई मनापासून हसल्या. हवा पंचावन्न लिटर ठरली. डिकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत मी बसणार, असं नक्की झालं.

मित्रांनो, कापड असो की फळी, जिला पाव इंचाची चूक दिसते ती बाई त्या दिवशी एका गोष्टीबद्दल गप्प बसली. डिकी रिकामी दिसत होती, कारण डिकीतली खुर्ची बाहेर होती. आणि ती बाहेर होती, कारण तिच्यात आई बसल्या होत्या. लिफ्टवाल्याच्या ते लक्षात आलं नाही. सुतारकाकांच्या नाही आणि माझ्या तर नाहीच नाही.

चार दिवसांत मी तयार झालो. फळ्या कापल्या, गोंद लावला, स्क्रू पिळले, अंगावर काळं जाड कापड चढवलं. उजवीकडे वूफर, डावीकडे पोर्टचं गोल भोक. डिकीत बसलो तेव्हा दोन्ही बाजूंना जेमतेम हात जाईल एवढी फट राहिली. पहिलं गाणं लागलं आणि शेजारच्या गाडीच्या काचा थरथरल्या. लिफ्टवाला लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता. खिडकीतून आई बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

पुढचा गुरुवार आला. गाडी घराच्या खिडकीपाशीच उभी असते, त्यामुळे मला आतलं सगळं ऐकू येतं.

"आज नको रे," आई म्हणाल्या, "ताईकडे पाहुणे आलेत."

त्यानंतरच्या गुरुवारी त्यांचं अंग कसकसत होतं. तिसऱ्या गुरुवारी त्यांना अचानक कपाट आवरायचं होतं. लिफ्टवाला दर वेळी "बरं" म्हणायचा आणि गाणी लावून एकटाच चक्कर मारून यायचा. खरं सांगतो, मला बरंच वाटायचं. अख्खी डिकी माझी होती.

चौथ्या गुरुवारी सकाळी तो पेट्रोल भरायला निघाला होता. वाटेत मावशींचा फोन आला. फोन गाडीच्या स्पीकरवर लागला, त्यामुळे मावशींचा आवाज माझ्याही पोटात घुमला.

"काय रे, गाडी अजून गॅरेजातच का?"

"कुठली गाडी? मी गाडीतूनच बोलतोय, मावशी."

"मग तुझी आई मला का सांगते, गाडी बिघडलीय म्हणून? फुगली का माझ्यावर?"

"नाही गं! ती तर म्हणाली, तुझ्याकडे पाहुणे आहेत."

"माझ्याकडे?" मावशींचा आवाज चढला. "माझ्याकडे एकच पाहुणी येते. दर गुरुवारी."

लिफ्टवाल्याने तिथूनच गाडी वळवली. घरी येऊन तो आईंना "चल, मावशीकडे," म्हणाला. आई नाही नाही म्हणत असताना त्याने त्यांना खुर्चीसकट बाहेर आणलं आणि पुढच्या सीटवर उचलून बसवलं. मग खुर्चीची घडी केली, ती घेऊन मागे आला आणि डिकी उघडली.

आत मी होतो.

त्याने खुर्ची आडवी धरून पाहिली, उभी धरून पाहिली. मागच्या सीटवर घालायला गेला तर मोठं चाक दारातच अडकलं. पुन्हा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. त्या क्षणी मला जमिनीने पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं, पण मी डिकीत घट्ट बसलेलो. मला साधं सरकताही येईना.

"आई, तुला माहीत होतं?"

"टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मला नसेल माहीत?"

"मग तेव्हाच बोलली का नाहीस? फळीची जाडी बरी सांगितलीस!"

आई समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिल्या. "तू शीळ घालत होतास," त्या म्हणाल्या. "बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. म्हटलं, माझं काय, मी घरात बसते. पण ती शीळ मोडायची नव्हती मला."

लिफ्टवाला रस्त्याच्या कडेला मटकन बसला आणि चांगला हुंदके देऊन रडला. मग उठून नाक पुसलं आणि मला उपसून काढायला लागला. "हा आत्ताच्या आत्ता फेकतो!"

"खबरदार!" आई गरजल्या. "चांगली शिवलेली वस्तू उसवून लहान करता येते. फेकतात कशाला?"

मला गाडीच्या टपावर बांधलं, खुर्ची डिकीत गेली आणि अशी माझी वरात परत सुतारकाकांकडे आली. काकांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. या वेळी आई स्टुलावर बसल्या. खुर्चीची घडी आधी डिकीत ठेवली आणि उरलेल्या जागेचं माप घेतलं. उरली होती ती निम्मी जागा. म्हणजे पोर्ट विसरायचा आणि बंद बॉक्स करायचा. काकांनी माझ्या बरोबर मधोमध पेन्सिलीची रेघ ओढली आणि करवत लावली.

दुखलं का विचाराल, तर हो. अंगाहून जास्त तोरा दुखला. पोर्ट असलेला अर्धा भाग बाजूला पडला, वूफर असलेला अर्धा भाग म्हणजे मी उरलो. उघड्या कुशीला नवी फळी लागली. मग जागा नेमकी किती उरली हे बघायला काकांनी माझ्या पोटात लिटरच्या मगाने लाकडाचा भुसा ओतला. आई मोठ्याने मोजत होत्या. अठ्ठावीस मग झाले आणि मी काठोकाठ भरलो. बंद बॉक्ससाठी वूफरसोबत आलेल्या माहितीच्या कागदावरही तेवढेच लिटर लिहिले होते. भुसा झटकून वूफर बसवला, गाणं लावलं. बंद बॉक्समधून हवा जराही सुटता कामा नये, म्हणून आईंनी ओला हात माझ्या सगळ्या सांध्यांवरून फिरवला. खालच्या कोपऱ्यात त्यांच्या बोटांना वारा लागला. "इथे टाका सुटलाय," त्या म्हणाल्या. काकांनी तिथे गोंद भरला.

आता शेजारच्या काचा थरथरत नाहीत. पण आई म्हणतात की गाण्याचे शब्द आता नीट ऐकू येतात. मी कापला गेलो ते बरं झालं, असं मी त्या दिवशी म्हटलं नसतं. आज म्हणतो.

त्याच दुपारी आम्ही मावशींकडे गेलो. मावशी फाटकाशी उभ्या होत्या आणि चार गुरुवारांचं भांडण त्यांनी एकदम काढलं. तोंडाने भांडत होत्या, पण आईंचा हात काही त्यांनी सोडला नाही. पुढच्या गुरुवारी सुतारकाका स्वतः तिथे आले. काखेत माझाच उरलेला अर्धा भाग होता, फळ्या सोडवून, तिरपा कापून, रंधा मारून आणलेला. मावशींच्या दाराला उंच पायरी आहे. लिफ्टवाला दर वेळी खुर्ची कमरेत वाकून उचलायचा आणि आई डोळे मिटून घ्यायच्या. काकांनी त्या पायरीवर माझा उतार बसवला. आई आपल्या हातांनी चाकं फिरवत, कुणाचीही मदत न घेता बहिणीच्या घरात शिरल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी डिकीतून मी ते चाक त्या उतारावर चढताना ऐकतो. माझं कापड विटलं आहे. खुर्चीच्या पायपट्टीने माझ्या अंगावर ओरखडे काढले आहेत. खुर्ची बाहेर गेली की डिकीत ऐसपैस जागा होते, पण मला करमत नाही. ती परत येऊन कुशीला टेकली की बरं वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा सुताराला दाखवा, एवढं तर मी मागणारच. पण खरी विनंती वेगळीच आहे. तुमच्या घरातलं कुणी हसतमुखाने "मला काही नको, तुम्ही जाऊन या" असं म्हणालं, तर लगेच "बरं" म्हणू नका. आधी जाऊन डिकी उघडा आणि त्यांची जागा आपण भरून टाकलेली नाही ना, ते बघा.