पोट साफ झालं का

मंजुषाला लहानपणापासूनच किळस फार. वारंगा फाट्यावर तिच्या वडिलांचं चहाचं हॉटेल होतं. गिऱ्हाइकांच्या उष्ट्या कपबशा विसळायची वेळ आली की पोरगी तोंड फिरवून हात पाण्यात घालायची. आई म्हणायची, "हिला राजाच्या घरी द्यावं लागंल." दिली हट्टा गावातल्या हळदवाल्या घरी. तिथं सासरे सटवाजी तिच्याहून वरचढ निघाले. धोतर पांढरंफेक, पाणी प्यायचा तांब्या स्वतःच्या हातानं घासलेला. पंगतीत शेजारचा मचमच करत जेवायला लागला तर हे पानावरून अर्धपोटी उठायचे. सासू वारल्यावर सासऱ्यासुनेचं फारसं न बोलता चांगलं जमलं, ते एवढ्याच गोष्टीवर. घरात दोघांनाही घाण खपत नव्हती.

आणि नेमका अशा माणसाला शौचाच्या जागेचा कॅन्सर निघाला. वरीसभर रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून सटवाजींनी कोणाला काही सांगितलं नाही. डाग पडलेली धोतरं उजाडायच्या आत कालव्यावर नेऊन धूत राहिले. शेवटी शेतात चक्कर येऊन पडले तेव्हा सगळं उघड झालं.

हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरनं कागदावर आतडं काढून दाखवलं. रोगट भाग काढून टाकायचा, खालची वाट कायमची शिवून टाकायची आणि आतड्याचं तोंड बेंबीच्या डाव्या अंगाला पोटावर आणायचं. त्यावर जन्मभर पिशवी.

"म्हंजे संडास पोटातून?" सटवाजींनी विचारलं.

"हो काका. पण सोपं असतं, सवय होते."

त्यांचा मुलगा, मंजुषाचा नवरा स्वप्निल, मोबाईलकडं बघत बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबा, कायी न्हाई ते. आजकाल लई जणांला असते." सटवाजींनी मान हलवली. त्या मान हलवण्याला होकार समजून ऑपरेशनची तारीख ठरली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी खोलीत दीक्षा सिस्टर आली. आखाडा बाळापूरची, तिशीतली, कामाला चपळ. तिनं सटवाजींना बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं, धोतराची गाठ कुठं मारता ते विचारलं आणि गाठीला अडणार नाही अशा जागी पोटावर काळ्या पेनानं गोल काढला. मग त्या गोलावर एक पिशवी चिकटवली. आत थोडं साधं पाणी भरलेलं होतं.

"संध्याकाळपर्यंत घालून फिरा," ती हसून म्हणाली. "वजन कसं लागतं ते कळेल. बाहेरच्यांना पत्ता लागत नाही. वासही येत नाही."

सटवाजी छताकडं बघत राहिले. तिची पाठ वळताच त्यांनी पिशवी ओरबाडून काढली. पाणी चादरीवर सांडलं. ते नळाचं पाणी आहे हे मंजुषाला ठाऊक होतं, तरी चादर उचलायला तिचा हात पुढं होईना. शेवटी तिनं ती दोन बोटांनी ओढून कोपऱ्यात टाकली आणि हात साबणानं कोपरापर्यंत धुतले.

मग पोट साफ करायचं औषध आलं. दोन लिटर पाण्यात कालवलेली पावडर, लिंबाच्या वासाची, खारट, बुळबुळीत. घोट घोट करून सगळं संपवायचं होतं. "शेवटी नुसतं पिवळसर, नितळ पाणी आलं पाहिजे," दीक्षा म्हणाली. "आतड्यात घाण राहिली आणि ऑपरेशनमध्ये पोटात सांडली तर पू होतो, माणूस जातो. आणि काकांच्या सांगण्यावर जाऊ नका. दर वेळी कोणीतरी डोळ्यांनी बघायचं."

कोणीतरी म्हणजे कोण, हे थोड्याच वेळात ठरलं. सटवाजी पहिल्यांदा संडासात गेले आणि दाराखालून असा दर्प खोलीत शिरला, की स्वप्निलनं तोंडाला रुमाल लावला. "मला न्हाई जमत," तो म्हणाला. "खालून काही आणायचं आसंल तर सांग." आणि गेलाच. जरा वेळानं मंजुषानं खिडकीतून पाहिलं तर तो समोरच्या गाड्यावर भजी खात उभा होता. तिला सासऱ्यापेक्षा त्या खाणाऱ्या तोंडाची जास्त शिसारी आली.

ती आत बघायला गेली. भांड्यात काळपट चिखलासारखी घाण, त्यात रक्ताचे तंतू, आणि दर्प तर डोळ्यांना झोंबणारा, सडक्या मांसाचा. तिला बेसिनपर्यंतसुद्धा पोचता आलं नाही, तिथंच मोरीत भडभडून उलटी झाली. मागं सटवाजी भिंत धरून उभे होते. सुनेनं चूळ भरली, तोंड पुसलं, तोवर ते तसेच उभे राहिले.

त्यानंतर मात्र ते औषधाचा जग आणि पेला घेऊनच आत जायला लागले आणि आतून कडी लावायला लागले. पाणी सोडल्याचा आवाज यायचा, मग कडी निघायची.

"झालं का साफ, मामा?"

"व्हय. झालं."

मंजुषाला सुटल्यासारखं झालं. बघायची पाळी टळली होती. दिवस कलता कलता जग रिकामा झाला. दीक्षानं दारातूनच विचारलं तेव्हा मंजुषानं सांगितलं, "साफ झालं."

दिवे लागल्यावर ती हात धुवायला आत गेली. मोरीतून लिंबाचा वास येत होता. फरशी पायाला चिकट लागली आणि जाळीवर पांढरट फेस वाळला होता. जग कुणाच्या पोटात रिकामा झाला होता ते तिला कळलं.

ती नळ चालू ठेवून तशीच उभी राहिली. बोललं नाही तर कोणाला कळणार नव्हतं. बोललं तर पुन्हा तो जग, पुन्हा तो दर्प, पुन्हा आत जाऊन वाकून बघणं. गप्प बसावं असं तिला वाटलं, चांगलंच वाटलं. मग पोटात पू झालेला म्हातारा डोळ्यांपुढं आला आणि तिनं नळ बंद केला.

"मामा, औषध मोरीत ओतलं तुमी."

सटवाजी भिंतीकडं तोंड करून पडले होते. वळले नाहीत.

"काहून ओतलं?"

"तू ओकलीस," ते म्हणाले. "परक्याची लेक घरात आणली आन माझ्या घाणीपायी ती ओकून राहिली. ती बाई म्हणती वास येत न्हाई. सपन्या म्हणतो कायी न्हाई बाबा. डॉक्टर म्हणतो सोपं हाय. कोणाचं खरं धरू?"

"माझं धरा. मला किळस आली. आताबी येऊन राहिली. उद्या पिशवी लागल्यावर येईल. ते काय माझ्या हातात हाय?"

सटवाजी आता वळले. ती पुढं बोलत गेली. थांबली असती तर पुन्हा बोलणं झालं नसतं. "तुमाला तुमचीच येती, मग मला यायची न्हाई का? पण किळस आली म्हणून माणूस मरू द्यायचा, असं कोण सांगितलं?"

मग सटवाजी म्हणाले, "वरीसभर माझ्या अंगाची मला शिसारी आली, माय. जेवताना वास यायचा. समोर भाकर आन खालून मढ्याचा वास. कोणाला सांगणार?" त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "ती पिशवी धुवायची कोणी?"

"तुमी. सिस्टरकडून मी शिकते अन् तुमाला दाखवते. हात तुमचे लागतील. मी नाकाला पदर लावून उभी राहीन."

"बोलव त्या बाईला."

दीक्षा चिडली. मंजुषालाही बोलली, "मी तुम्हाला बघायला सांगितलं होतं." मंजुषानं ऐकून घेतलं. डॉक्टरांना फोन झाला, सकाळचं ऑपरेशन दुपारवर गेलं, नवी पुडी आली. या वेळी खोलीत तिघं होते. मंजुषानं स्वप्निलला खालून बोलावून घेतलं होतं. "एक बारी मी बघीन, एक बारी तुमी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा बघून त्यानं रुमाल खिशात घातला. आत गेला, ओकाऱ्या काढल्या, डोळे लाल करून बाहेर आला आणि म्हणाला, "गढूळ हाय अजून." सटवाजींनी नाक दाबून पुढचा पेला तोंडाला लावला.

दीक्षा खुर्ची ओढून बसली. आता ती हसत नव्हती. सटवाजींनी तिला पहिल्यांदाच आपणहून विचारलं, "पंगतीत बसल्यावर आवाज येतो का?"

"येतो. वायू झाला की येतो, आणि आवरता येत नाही."

"आन वास?"

"बदलताना येतो, भरपूर येतो. पिशवी नीट बसली की येत नाही. कधी गळतेही. पहिल्यांदा बदलताना बरेच जण रडतात, काही ओकतात."

सटवाजींनी डोळे मिटले. "सांगायचं ना मंग आधी," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच तशी दुसरी पाण्याची पिशवी मागून घेतली, पोटाला लावून घेतली आणि खोलीत येरझारा घातल्या. शेवटी भांड्यात नितळ, पिवळसर पाणी आलं. ते मंजुषानं पाहिलं, तोंड वाकडं करून पाहिलं, पण वाकून नीट पाहिलं.

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी पोटावरच्या त्या ओल्या, लाल, मांसल तोंडातून पहिल्यांदा हिरवट पातळ घाण पिशवीत उतरली. सटवाजींनी एकदा पाहिलं आणि मान फिरवली. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. पिशवी त्यांनी स्वतःच रिकामी करायला घेतली. स्वप्निलनं खाली भांडं धरलं होतं, नजर भिंतीवर. मंजुषा नाकाला पदर लावून सांगत होती, "आता पिशवीच्या तोंडाचा चिमटा काढा. खालून पुसा. अजून पुसा." सटवाजींना मध्येच उलटी झाली. ती तिनं पुसली नाही, स्वप्निलला पुसायला लावली.

हट्ट्याला आल्यावर एका रात्री पिशवी झोपेत गळाली. सकाळी अंथरूण, धोतर, सगळं भरलेलं. सटवाजींनी ते कोणाला हात लावू दिलं नाही. अंगणातल्या दगडावर बसून स्वतः घासलं, दिवसाढवळ्या, कालव्यावर न जाता. मंजुषा लांबून बादलीनं पाणी ओतत होती. स्वप्निलनं पिळून वाळत टाकलं. रस्त्यानं जाणारे बघत होते, त्यांना बघू दिलं.

त्या सकाळी मंजुषाच्या घशाखाली भाकर उतरली नाही. दुपारी उतरली.