मोरपंखी लोकर

"लोकर आणलीय त्यांनी," रेडिओ दारातूनच म्हणाला. "वॉचमननं पिशवी उलटी केली, खिसे चाचपले, टोपीसुद्धा काढायला लावली. निघालं काय, तर लोकरीचा गुंडा! बिचाऱ्याचा चेहरा बघायला हवा होता, ताई. त्याला वाटलं असणार, आज आपली बढती पक्की."

ताईने कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर काढली नाही. रेडिओ तिचा सहकारी. ज्या खोलीत सगळं काम आवाज बंद करून चालायचं, तिथे हा एकटाच वाजत असायचा, म्हणून रेडिओ.

"पण कोण आहेत ते?"

रेडिओचा आवाज खाली आला. "उंचाचे वडील."

तिचा हात जिथल्या तिथे थांबला.

विद्यापीठाच्या त्या मजल्यावर हिंसक गटांनी इंटरनेटवर सोडलेल्या व्हिडिओंचा अभ्यास चालायचा. बोलणारा कोण, कुणाला उद्देशून बोलतोय, धमकी कसली, आमिष कसलं, घरातली धडधाकट पोरं यात ओढली जातात ती नेमकी कशाने, हे शोधायचं तर कुणीतरी ते बघायलाच हवं होतं. बघणाऱ्यांत ताई सर्वांत जुनी. असले व्हिडिओ दिसले की कंपन्या ते पुसून टाकत, आणि ते बरंच होतं. पण जगातून पुसलेलं इथल्या कुलूपबंद संग्रहात शिल्लक राहायचं.

बघायचे नियम विभागप्रमुख सरांनी घालून दिले होते. आवाज बंद. चौकट तळहाताएवढी. आणि रंग काढून टाकलेला, सगळं करडं. "करड्यात रक्त म्हणजे नुसती ओल," असं सर नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगत.

त्या पहिल्या दिवशी नव्यांना जो व्हिडिओ शिकायला देत, त्याच्यात तो होता, ज्याला इथे सगळे उंच म्हणत. दूरच्या भागात पंपदुरुस्तीला गेलेला तरुण मेकॅनिक, गटाने पळवलेला. एका भिंतीपुढे दोघांना बसवलं होतं. एक हा, बसूनही उंच दिसणारा, आणि शेजारी एक म्हातारा. मागे झेंडा. कॅमेऱ्यापुढे एक जण बराच वेळ बोलतो. मग उंचाला उभं करतात. पुढचं ताई कुणालाच सांगत नसे. व्हिडिओ लहान आणि स्वच्छ होता, झेंडा ठळक होता, शिकवायला सोयीचा होता. वर्षानुवर्षं तिने तो प्रत्येक नव्या तुकडीबरोबर पाहिला होता.

"सरांनी त्यांना नाही म्हणून सांगितलंय," रेडिओ म्हणाला. "तरी बसलेत. म्हणतात, बघायचं नाही, फक्त विचारायचंय."

ती उठली.

बाहेरच्या बाकावर एक वाळलेला, ताठ बसलेला माणूस होता. टोपी गुडघ्यावर, टोपीत गुंडा. ती शेजारी बसली तसे ते घाईने सरकले, जणू बाक तिच्या मालकीचा होता.

"काका, मी इथंच काम करते. पण आम्हाला काही दाखवता येत नाही."

"दाखवू नका. मला बघायचंच नाही. घरी ही 'बघा' म्हणत होती, मीच नको म्हटलं." त्यांनी गुंडा तिच्यापुढे धरला. "त्याच्या आईनं स्वेटर विणला होता त्याला. लांब बाह्यांचा. पोरगं उंच म्हणून हिनं माप सैल धरलं, ते इतकं सैल, की बाह्या गुडघ्यापर्यंत. हा म्हणाला, 'आई, मी काय माकड आहे?' त्यावरनं वाजलं दोघांचं. निघताना हिनं पिशवीत कोंबला, ह्यानं काढून खुर्चीवर फेकला. नंतर बघितलं तर खुर्चीवर नव्हता. आता नेला, का रागानं कुठं टाकला, काय कळणार? ती अंथरुणाला खिळलीय, ताई. एकच घोकत असते. थंडीत तसाच गेला का, थंडीत तसाच गेला का. होता का त्याच्या अंगावर, एवढंच सांगा."

"रंग कोणता?"

"तीच तर पंचाईत. मी हिरवा म्हणतो, ती निळा म्हणते. लग्नापासनं रंगांवरनं भांडतोय आम्ही. दुकानदार म्हणाला होता मोरपंखी. म्हणून म्हटलं, उरलेली लोकरच न्यावी, म्हणजे वाद नको."

तिने गुंडा हातात घेतला. खरंच, खिडकीकडे धरला की हिरवा, सावलीत निळा.

उंचाच्या अंगात काय होतं, ते तिला माहीत होतं. फिक्या रंगाचा सदरा, कॉलर एका बाजूने दुमडलेली. मग नाही म्हणून मोकळं व्हायचं. पण तिची नजर आतल्या आत शेजारच्या म्हाताऱ्यावर गेली. त्याच्या अंगात काहीतरी जाड, गडद होतं. आणि त्याचे हात कधी दिसतच नसत. हात मागे बांधले असावेत असं नवी मुलं म्हणत, तेव्हा ती त्यांना दुरुस्त करायची. बांधलेले नाहीत, नीट बघा, बाह्या लांब आहेत.

"काका, थोडं थांबाल?"

"आता थांबण्याचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले.

सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"रंगीत बघणार तुम्ही?"

"करड्यात सगळ्या गडद लोकरी सारख्याच, सर."

"मला नियमाची काळजी नाही. तो मी केला, मी मोडीन. माझ्या हाताखालची पहिली मुलगी सगळं रंगीत बघायची. आता ती भाजीबाजारात जाऊ शकत नाही. एकदा रंगीत पाहिलं की परत करडं होत नाही, ताई. तुम्ही जपून ठेवलंय काहीतरी, मला माहितीये."

तिने जपलं होतं ते तिचं घर. दिवसभर करडं बघून आलेली ही बाई घरात रंगांची अधाशी होती. पिवळे पडदे, किरमिजी चादर, अबोली उशा, कपबश्या एकासारखी दुसरी नाही. सासूबाई म्हणत, "घर आहे की रंगाऱ्याचं फडकं!" सुनेचं काम म्हणजे कॉम्प्युटर, एवढंच त्यांना ठाऊक. "बसून बघायचे पैसे मिळतात म्हणे. आमच्या वेळी असतं, तर मी राणी झाले असते." ताई त्यावर हसायची. घरातला एकही रंग तिने कामावर नेला नव्हता आणि कामावरचा एकही घरी आणला नव्हता.

"ते बाहेर बसलेत, सर," ती म्हणाली.

सर उठले, तिच्यामागे येऊन उभे राहिले. रेडिओही आला. लोकर तिने पडद्याच्या कडेला टेकवून ठेवली, चौकट मोठी केली आणि रंग परत चालू केला.

आकाश निळं होतं. याचीच तिला तयारी नव्हती. इतक्या वर्षांत त्या भिंतीच्या वर आकाश आहे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. भिंत गेरूसारखी तांबूस. झेंड्याकडे तिने पाहिलं नाही. उंचाचा सदरा पिवळा होता, तिच्या पडद्यांच्या पिवळ्याच्या अगदी जवळचा. बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. आणि म्हाताऱ्याच्या अंगात हनुवटीपर्यंत ओढलेला, बोटांवरून खाली लोंबणारा स्वेटर होता. उजेडाकडच्या खांद्यावर हिरवा, सावलीतल्या खांद्यावर निळा.

रेडिओने नाक ओढलं.

उंचाला उभं करायच्या आत बंद करता आलं असतं. तिने केलं नाही. एवढं पाहिल्यावर त्याला तिथे सोडून उठणं तिला जमेना.

ती बाहेर आली तेव्हा काका तसेच ताठ बसले होते.

"स्वेटर त्यांनी नेला होता, काका."

काकांनी डोळे मिटले.

"पण त्यांच्या अंगात नव्हता. शेजारी एक म्हातारे बसले होते, त्यांच्या अंगात होता."

"बाह्या?"

"बोटांच्या खाली."

"तोच मग." ते बराच वेळ टोपी फिरवत राहिले. "कोण होता म्हातारा?"

"माहीत नाही. त्यांची चौकशी करायला कधी कुणी आलं नाही."

"हं." मग त्यांनी विचारलं, "थंडी होती?"

खोटं जिभेवर तयार होतं आणि ते कुणाला कळलंही नसतं. पण त्यांनी वादाला जागा नको म्हणून लोकर बरोबर आणली होती.

"होती," ती म्हणाली.

काकांच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता हे तिला उशिरा कळलं. "शाळेत डबा असाच वाटायचा आणि घरी येऊन आईवर ओरडायचा, भूक लागली म्हणून." त्यांनी टोपी घातली. "नेला होता, एवढं सांगतो तिला. म्हाताऱ्याचंही सांगीन. थंडीचं माझ्यापाशी राहू दे."

तिने गुंडा पुढे केला. त्यांनी तिची बोटं त्यावर मिटवली.

"राहू द्या. आता घरी त्याच्याशी काय जुळवायचंय?"

ते जिना उतरले. मागे रेडिओ उभा होता. "सरांनी तो व्हिडिओ शिकवायच्या यादीतून काढलाय," तो म्हणाला. "नव्यांना दुसरा देणार."

दुसऱ्यातही कुणीतरी असेलच, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी आल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. उन्हं कलली तशी उशा, चादर, कपबश्या एकेक करून करड्या होत गेल्या. पिवळे पडदे सर्वांत शेवटी गेले. ते जाईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत होती.

"अगं, अंधारात काय बसलीस?" सासूबाई आतून म्हणाल्या. "दिवा लाव ना."

"लावते."

"आणि हातात काय आहे ते?"

"लोकर. एकांनी दिली."

"बघू, कोणता रंग आहे?"

ताई उठली. गुंडा सासूबाईंच्या हातात ठेवला, क्षणभर पडद्यांकडे पाठ करून उभी राहिली आणि मग तिने दिवा लावला.