दोघांच्या रक्तातलं

पाहुणे येणार, पोहे कर, एवढंच सासूने सांगितलं होतं. कौसल्या ताटल्या घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. बैठकीत कुहीहून आलेले तिचे वडील होते, आणि शेजारी धाकटी बहीण जया, नव्या साडीत, मान खाली घालून.

सासू जिजाबाई नात्याने कौसल्याची सख्खी आत्या. ती आपल्या भावाला सांगत होती, "दादा, तुह्या पोरीले दोन लेकरं झाली. दोघाइच्याही डोक्यामागं गाठोडं, हातापायाले सहा-सहा बोटं. दोन दिवसही जगली नाही. आता जयाले आमच्या पदरात टाक."

वडिलांनी मान डोलावली.

कौसल्याचं डोकं तडकलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. गांधीबागेतल्या कापडदुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलणारा चंद्रभान सतरंजीचे धागे उपटत बसला होता.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं: दोष एकटीचा नाही. तुमचे आजी-आजोबा एकच, तिथून तो दोघांच्याही रक्तात आला. दोन्हीकडून मिळाला की लेकरू असं जन्मतं. "म्हणजे माझ्याकडूनही?" चंद्रभानने स्वतः विचारलं होतं. बाई हो म्हणाल्या होत्या. घरी आल्यावर मात्र त्याने तोंड शिवून घेतलं. चार महिने आई तिला अवदसा म्हणत होती आणि हा खाली मान घालून जेवत होता.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सांगा यायले," कौसल्या म्हणाली.

चंद्रभानने सतरंजीचा आणखी एक धागा उपटला.

"मग माह्याकडून आयका. ते यायच्याही रक्तात आहे. आत्याच्या, बाबा, तुमच्याही. जयातही असंल. तिचंही लेकरू तसंच झालं, तर तिसरी पोरगी कुठून आणसान?"

"नवऱ्याले दोष देऊन राहिली!" आत्या कडाडली.

कौसल्याने ताटल्या आपटल्या. पोहे सतरंजीभर झाले. "दोन लेकरं गेली माही. बोला! आज तरी बोला!"

"दोघांचं आहे... म्हणाल्या होत्या बाई," चंद्रभान पुटपुटला.

"एवढंच होतं, तर चार महिने काहून नाही बोलले?"

जया उठून बहिणीजवळ आली. "बाबा, मले नाही करायचं हे लग्न."

दुपारच्या एसटीने दोघी बहिणी वडिलांसोबत कुहीला गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी जयाला नात्याबाहेर दिलं. चंद्रभान दोनदा कौसल्याला न्यायला आला. दोन्ही वेळा ती ओसरीवर उभी राहिली आणि एकच म्हणाली, "तुमच्या मायले तुमच्या तोंडानं सगळं सांगा, मग या."

तिसऱ्यांदा तो आला नाही.