अक्षर फोड, आवाज जोड

"बोट ठेव. बोटाशिवाय वाचायचं नाही," बाई म्हणाल्या आणि पुस्तकातल्या पोपटाच्या चित्रावर त्यांनी आपला तळहात ठेवला.

चिमणीनं अक्षराखाली बोट टेकवलं. मान वर करून बाईंकडे बघितलं. "पो... प... ट."

"शाब्बास गं माझी चिमणी! पुढचं?"

पुन्हा बोट, पुन्हा मान वर. "मा... सा."

चित्रांवर बाईंचा भारी राग. चित्र बघून पोरं ठोकून देतात आणि घरची माणसं हुरळून जातात की आमचं लेकरू वाचायला लागलं. बाईंना हे खपायचं नाही. इतर शिक्षिका वरचे वर्ग मिळावेत म्हणून मोठ्या बाईंचे उंबरे झिजवत. ह्यांनी मात्र पहिलीचाच वर्ग धरून ठेवला आणि त्यातच केस पांढरे केले. 'अक्षर फोड, आवाज जोड' हा त्यांचा मंत्र. "बाई, चहा फोडून आणू की जोडून?" असं म्हणून शिपाईसुद्धा त्यांना चिडवायचा, आणि बाई मनापासून हसायच्या. आपल्या हातून गेलेलं पोर वाचतंच, ह्याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

चिमणी पहिलीत दुसऱ्यांदा बसली होती; पहिलं वर्ष दुसऱ्या शाळेत गेलं होतं. तिचा बाप घरं रंगवायचा, आई कपडे शिवायच्या कारखान्यात जायची, आणि घरी एक धाकटा भाऊ रांगत होता. वर्ष सुरू झालं तेव्हा बाप वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला होता.

"बाई, एक वर्ष तर पाण्यात गेलं. यंदाही वाचता आलं नाही तर तिला घरीच ठेवणार. धाकट्याला बघायला कुणी नाही हो."

"वाचेल. माझ्यावर सोडा," बाई म्हणाल्या होत्या.

आणि खरंच, शाळा सुटल्यावर रोज तिला जवळ घेऊन बसल्या. अक्षरं पुढे आली, मग काना-मात्रा आल्या, मग शब्द आले. आता पोर अख्खं पान वाचत होती. फक्त एक खोड होती. प्रत्येक शब्दाला मान वर करून बाईंच्या तोंडाकडे बघायची. बाईंना वाटे, पोर कौतुकाची भुकेली आहे. घरी कोण करतंय बिचारीचं कौतुक! म्हणून त्या आणखी जवळ सरकून बसत.

शाळेच्या तपासणीच्या दिवशी बापानं येऊन ऐकावं, असा निरोप बाईंनीच धाडला. तो कामावरूनच आला. नखांत पांढरा रंग तसाच होता. दाराला पाठ लावून उभा राहिला.

तपासणीच्या मॅडम वयानं लहान होत्या, बोलायला गोड होत्या. "बाई, तुम्ही मागच्या बाकावर बसता का? समोर शिक्षक असले की मुलं बुजतात."

बाई मुलांच्या ठेंगण्या बाकावर गुडघे वर करून बसल्या. चिमणीच्या दोन वेण्या तेवढ्या दिसत होत्या.

चिमणीनं बोट ठेवलं. मान वर केली. मॅडम हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होत्या. चिमणी बघत राहिली, मग वळून मागे बघू लागली.

"इकडे बाळा, पुस्तकात बघ. काय लिहिलंय?"

चिमणीनं पुन्हा मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. मॅडमनी सोपा शब्द दिला. मग नुसतं एक अक्षर दाखवलं, 'म'.

"पोपट?" चिमणी म्हणाली.

मॅडमनी हळूच पुस्तक मिटलं. दाराशी बापानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं, आणि तेच बाईंच्या जिव्हारी लागलं.

बाहेर ओसरीवर बाईंनी चिमणीला खांद्याला धरून हलवलं. "अगं, काल तर घडाघडा वाचलंस! आज काय झालं?"

"त्यांचं तोंड बंद होतं, बाई."

"कुणाचं?"

"मॅडमचं. तुम्ही कसं माझ्यासोबत हळूच म्हणता, तोंडातल्या तोंडात! त्या म्हणतच नाहीत."

बाईंचा हात आपल्याच ओठांकडे गेला. चित्र झाकलं, सगळं झाकलं, आणि स्वतःचं तोंड उघडं ठेवलं.

"हिला डोकंच नाही, बाई. तुम्ही पुष्कळ केलंत," मागोमाग बाहेर आलेला बाप म्हणाला.

"डोकं चांगलं आहे हो तिचं! चुकलं ते माझं. आता कळलंय मला. थोडे दिवस द्या, मी नव्यानं..."

"तेव्हाही तुम्ही 'माझ्यावर सोडा' म्हणालात, बाई." बाप हे अगदी सौम्यपणे म्हणाला. त्यानं तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"उद्या येऊ ना, बाबा?"

त्यानं तिचा हात धरला. फाटकापर्यंत ती वळून वळून बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

मॅडम पुढच्या वर्गाकडे गेल्या होत्या आणि वर्गात गलका चालला होता. बाई आत गेल्या, खडू घेतला आणि फळ्यावर एक सोपं वाक्य लिहिलं. रोज त्या लिहून झालं की मुलांकडे वळत. आज वळल्या नाहीत.

"वाचा सगळे."

चार-दोन आवाज उठले, पहिल्या शब्दाशी अडखळले आणि थांबले. मागे पाय घासल्याचा आवाज झाला. मग गोट्या, ज्याला वर्गात सगळ्यांत हुशार म्हणून बाई प्रत्येक पाहुण्यापुढे उभा करत, तो म्हणाला,

"बाई, इकडे बघा ना."

ह्या खोलीतून इतकी वर्षं किती पोरं वाचत वाचत बाहेर पडली होती. त्यातल्या कितींनी अक्षर वाचलं आणि कितींनी बाईंचा चेहरा, हे आता कुणाला विचारायचं? बाईंना फार एकटं वाटलं.

"बाई, बघा ना इकडे," आता बाकीची पोरंही म्हणू लागली.

बाई फळ्याकडे तोंड करूनच उभ्या राहिल्या. ओठ घट्ट मिटून ठेवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. ते हलतच राहिले.