दांडा जड होतो तेव्हा

मला यंत्रांचा राग येत नाही, माणसांचा येतो. म्हणून त्या ऑक्टोबरच्या सकाळी रजनी सिस्टरनं ‘तुझा पंप बिघडला’ असा निरोप धाडला, तेव्हा मी चहा अर्धा टाकून तणतणतच वॉर्डात गेले. पंप माझे नव्हते, इस्पितळाचे होते. पण यवतमाळच्या आमच्या त्या इस्पितळात यंत्रं दुरुस्त करणारी मी एकटी, त्यामुळे चालू असली की ती इस्पितळाची आणि बिघडली की माझी, अनघाची.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. बोंडअळीसाठी फवारायचं म्हणजे हात वर करून औषध आपल्याच तोंडावर घ्यायचं. ऑगस्टपासून आमच्या खाटा अशाच रुग्णांनी भरत होत्या.

खेमसिंग त्यांतलाच. चाळिशीचा, कळंबकडच्या एका तांड्यावरचा, हंगामात दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जाणारा. हे विष अंगात भिनलं की घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते आणि छातीत घरघर सुरू होते. त्यावर उतारा म्हणजे ॲट्रोपिन. ते मोठ्या सिरिंजमध्ये भरून पंपात अडकवायचं. पंप सिरिंजचा दट्ट्या तासाला दोन मिली इतक्या सावकाश ढकलतो आणि नळीतून औषध शिरेत जातं. कमी पडलं तर विष पुन्हा डोकं वर काढतं. एकदम जास्त गेलं तर माणूस भ्रमात जातो, नाडी धावत सुटते.

खेमसिंगला दोन्ही होत होतं, आळीपाळीनं.

रजनी सिस्टरनं तक्ता माझ्यापुढे धरला. आधी घाम, घरघर, नाडी मंद. मग एकाएकी तोंड लालबुंद, नाडी एकशेचाळीस, बडबड. मग पुन्हा घाम. डॉक्टर यज्ञेश्वर औषध वाढवून थकले होते आणि कमी करूनही. त्यांनी सांगून ठेवलं होतं की चार वाजेपर्यंत गाडी रुळावर आली नाही तर नागपूरला हलवायचं. त्या रस्त्यात हा टिकेल का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि खाटेशी बसलेल्या त्याच्या बायकोनं, बिजलीबाईनं, विचारलंही नाही. ती नुसती पंपाच्या हिरव्या दिव्याकडे बघत होती.

मी पंप काढला, दुसरा लावला आणि पहिला खोलीत नेऊन तपासला. तासाला दोन मिली म्हणजे दोन मिली, थेंबाचाही फरक नाही. मी जरा खूश होऊन वॉर्डात परतले, तर नव्या पंपावरही खेमसिंगला घाम फुटला होता. म्हणजे दोन पंप सारखेच खोडकर निघाले, किंवा दोन्ही निर्दोष होते. आता मला राहवेना. मी एक स्टूल ओढलं आणि खाटेशी ठाण मांडलं. रजनी सिस्टर म्हणाली की बसून काय कळणार आहे. मलाही ठाऊक नव्हतं, पण उठायचं मन होत नव्हतं.

साडेबाराला सिस्टरनं सुईची जागा बघायला त्याचा डावा हात सरळ केला. सुई कोपराच्या खळग्यात होती. घाईत जी शीर सापडली ती. सगळं ठीक म्हणून ती गेली आणि दोन मिनिटांत खेमसिंगचं तोंड लाल झालं. तो बडबडायला लागला आणि त्याचा डावा हात हलू लागला. वर, खाली, वर, खाली, एका चालीत. उजवा हात लांब पसरलेला, सावकाश डावी-उजवीकडे फिरणारा.

“हे काय करताहेत?” मी बिजलीबाईला विचारलं.

“पंप मारून राह्यले,” ती म्हणाली. “डाव्या हातानं दांडा, उजव्या हातात नळी. दिवसाचे वीस-वीस पंप मारतात, मॅडम. आता झोपीत बी सुटत नाई.”

पाठीवरच्या फवारणीच्या पंपाचा दांडा मी पाहिला होता, पण त्याबद्दल कुणाला विचारलं नव्हतं. आता विचारत सुटले. ती आधी बिचकली, मग खुलली, कारण तिच्या कामाबद्दल तिला इथं कुणी काही विचारलंच नव्हतं. औषध कालवायचं तिनं, पंप भरायचा तिनं, पाठीवर चढवून द्यायचा तिनं. पाण्यात कचरा असला की नळीच्या टोकाची नोझल चोंदते. ती चोंदल्याचं कसं कळतं, असं मी विचारलं. फवारा बंद झाला की?

“नाई. त्याच्या आधीच समजते,” बिजलीबाई म्हणाली. “दांडा जड होते. दोन हात मारले का हाताले समजते. मंग ते थांबतात, नोझल काढतात, तोंडानं फुकतात अन् चालू पडतात.”

“तोंडानं?”

“सगळेच फुकतात.”

मी खेमसिंगच्या ओठांकडे पाहिलं. तोंडाला फडकं बांधूनही इतकं विष आत गेलं कसं, हे डॉक्टर यज्ञेश्वरांना काल दिवसभर सुटलं नव्हतं. पण माझं अर्धं लक्ष एव्हाना खेमसिंगकडे होतं. त्याचा हात दमला होता. त्यानं कोपर पार दुमडलं, मूठ छातीशी घेतली आणि तसाच निपचित पडला. दांडा सोडायला तयार नाही, अशी ती मूठ होती.

मी घड्याळात वेळ बघून ठेवली. कोपर दुमडलं म्हणजे सुईची मऊ प्लॅस्टिक नळी आत मुडपली. मुडपली म्हणजे वाट बंद. पण पंपाचा दिवा हिरवाच. पंधरा मिनिटं झाली. पंचवीस झाली. मी पंपाच्या नळीला बोट लावलं. ती चांगली टणक लागत होती. पंप इमानेइतबारे दट्ट्या ढकलत होता आणि औषध पुढे न जाता नळीतच दाबून बसत होतं. पस्तिसाव्या मिनिटाला कपाळावर घाम आला. म्हणजे आता सिस्टर येणार, हात सरळ करणार, आणि दाबून बसलेलं सगळं औषध एका झटक्यात शिरेत जाणार. दर वेळी तपासणीलाच सगळं ठीक दिसत होतं, कारण तपासणीच वाट मोकळी करत होती. इतकं सुंदर कोडं माझ्या हाती कधी लागलं नव्हतं, आणि ते सुटल्याचा आनंद जेमतेम दोन श्वास टिकला.

कारण पुढचा प्रश्न सरळ होता. यंत्राला दांडा जड लागत नाही का? लागतो. दट्ट्या ढकलायला किती जोर पडतोय हे आमचा पंप मोजत असतो आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ओरडतो. ती मर्यादा आपण ठरवायची असते. आणि ती ठरवली होती मी.

ऑगस्टमध्ये बाराही पंप दिवसभर ओरडायचे. रुग्ण कुशीवर वळला की ओरड, हात हलला की ओरड. सिस्टर मंडळी कावून गेली होती. मी एका दुपारी बाराही पंपांची मर्यादा सगळ्यात वर नेऊन ठेवली. वॉर्ड शांत झाला. रजनी सिस्टरनं मला आलुबोंडे खाऊ घातले आणि मी ते मिटक्या मारत खाल्ले. तासाला दोन मिलीच्या कूर्मगतीनं वरच्या मर्यादेला पोचायला किती वेळ लागेल, हा हिशेब मी केलाच नव्हता. आज तो डोळ्यांसमोर होता. पाऊण तास होत आला होता आणि पंप अजून गप्प होता.

मी बटण दाबत मर्यादा खाली आणली. तळाला पोचण्याआधीच पंप किंचाळला, लाल दिवा लागला. बिजलीबाई दचकून उभी राहिली. “यालाही दांडा जड लागतो, तेव्हा हा असा ओरडतो,” मी तिला म्हटलं. रजनी सिस्टर धावत आली आणि सवयीनं हाताकडे वळली. मी तिचं मनगट धरलं. आधी नळीचा चाप लावला, सिरिंज सोडवून ताण काढला, आणि मगच हात सरळ केला. या वेळी खेमसिंगचं तोंड लाल झालं नाही.

सुई दुसरीकडे घालायची ठरली. सिस्टर डाव्याच हाताला फळी बांधू म्हणत होती. मी म्हटलं, उजव्यात घाला, मनगटाच्या वर. दांड्याचा हात दुमडतो, नळीचा हात सरळ राहतो. दोन दिवस आपल्यासमोर हा माणूस तेच दाखवतोय. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग बिजलीबाईकडे. तिनं मान डोलावली. तसं केलं.

चार वाजता डॉक्टर यज्ञेश्वर आले. अडीच तासांत एकही चढउतार नव्हता. घरघर कमी, नाडी एकशेदहावर ठरलेली. नागपूरची गाडी त्यांनी रद्द केली आणि खांद्यावर थाप मारून मला म्हणाले की शेवटी पंपच सदोष निघाला, कंपनीला कडक चिठ्ठी लिहू. मी ‘हो’ म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. खरं सांगते, ‘हो’ माझ्या ओठांवर आला होता.

बिजलीबाई मधेच बोलली. त्यांच्याशी नाही, माझ्याशी.

“मॅडम, तुमच्या पंपाले बी दांडा जड लागते म्हनता. मंग दोन दिवस तो बोलला काहून नाई? कोणं गप्प बसवलं त्याले?”

“मी,” मी म्हटलं.

सगळं सांगितलं. ऑगस्टची दुपार, बारा पंप, आलुबोंडेसुद्धा. डॉक्टरांचा हात खांद्यावरून केव्हा निघाला ते कळलं नाही. रजनी सिस्टरनं मान खाली घातली. तिनं मागितलं होतं, पण केलं मी होतं. आता बिजलीबाई मला काय म्हणेल त्याला मी तयार होते. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खेमसिंगच्या डाव्या मुठीतली बोटं तिनं एकेक करून उघडली आणि तळहात चादरीवर पसरून ठेवला.

“नोझल साफ कराची तार असते, मॅडम,” ती म्हणाली. “बारीक. त्या दिवशी घरीच राह्यली. ते म्हने, जाऊन आनतो. मीच म्हनलं, कायले जाता, फुका अन् चाला लवकर.”

मला तिला काही सांगावंसं वाटलं, पण जे सुचत होतं ते सगळं मला स्वतःलाच ऐकायचं होतं. मी उठले. अकरा पंप बाकी होते. मी एकेकाची मर्यादा खाली आणत गेले आणि पाचव्या खाटेपाशी असताना मागे दुसऱ्या खाटेचा पंप ओरडला. रजनी सिस्टर दूर होती. बिजलीबाईनंच जागेवरून उठून तिला हाक मारली.

“सिस्टर, या. इकडं दांडा जड झाला.”