नाकासमोरचा गिअरबॉक्स

"थांब!" थांबमहाराज गरजले. आणि काय सांगू, तुळईला साखळीनं टांगलेला तो अगडबंब गिअरबॉक्स झोका घेऊन परत येता येता त्यांच्या नाकापाशी थबकला आणि मुकाट मागे फिरला. महाराजांची पापणीसुद्धा लवली नाही; पलीकडे उभ्या त्यांच्या कफनीवाल्या चेल्यानं लांबूनच हात जोडले. माझ्या भावाच्या गॅरेजात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ज्यांच्या गाड्या दुरुस्तीला होत्या ते आलेच होते, पण ज्यांच्या घरी सायकलही नाही तेही आ वासून उभे होते.

मी मागे टायरांच्या चळतीवर बसले होते. जन्मभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे झोके घेणारं काही दिसलं की ते कुठून सोडलं हे मी आधी बघते. खोड आहे, जाता जात नाही.

"लोखंडातली ताकद मी बांधतो! बांधलेली ताकद मारत नाही," महाराज सांगत होते. "श्रद्धा नसेल तर मात्र... विचारा या रंगाऱ्याला!"

गाड्या रंगवणारा रंगारी पुढे आला. काल यानं शंका काढली, महाराजांच्या जागी उभा राहिला आणि गिअरबॉक्सनं त्याच्या नाकाचा पार बटाटा केला. "चुकलो हो," तो पट्टीआडून नाकात म्हणाला.

इथवर करमणूक होती. पण महाराजांनी कालच गॅरेजातल्या जॅकचीही 'ताकद बांधून' दिली होती. जॅकवर गाडी उचलली की खाली लोखंडी घोड्या लावायच्या, म्हणजे जॅक सुटला तरी गाडी अंगावर येत नाही, हे भाऊ आमच्या वडिलांकडून शिकलेला. आज सकाळी त्या शहाण्यानं घोड्या भंगारात टाकल्या आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली आडवा झाला! मग भावजयीचा फोन आला. "ताई, माझं ऐकतच नाहीत हो. तुम्ही या."

मी रंगाऱ्याला जवळ बोलावलं. "काल तो चेला काय करत होता?"

"गिअरबॉक्स पलीकडे गेला की दोन्ही हात लावून आशीर्वाद घेत होता."

"आणि आत्ता?"

रंगारी विचारात पडला. "आत्ता लांबूनच घेतला की!"

मी पदर खोचला. "मला उभं राहायचंय."

"ताई, तमाशा नको," भाऊ म्हणाला.

"तमाशा चालूच आहे, मी नुसती भाग घेते. चेलेबुवा, हात खिशात घाला."

"कफनीला खिसे नाहीत."

"मग कान धरा."

लोक हसले. चेल्यानं नाइलाजानं कान धरले. भावाच्या मदतीनं मी गिअरबॉक्स नाकापर्यंत ओढला आणि सोडून दिला. तो पलीकडे जाऊन परत यायला लागला. "ये रे सोन्या, लाजू नकोस, ये!" मी हाक मारली. सगळं गणित पाठ असूनही मी एक डोळा मिटलाच. पण तो बोटभर अलीकडे थबकला आणि मागे गेला.

"थांब म्हणाले का मी? जेवढ्या उंचीवरून सोडला, तेवढीच ऊर्जा त्यात साठलेली. येताजाता थोडी खर्च होते, मग त्याहून वर चढणार कुठून? हातानं धक्का दिला की गोष्ट वेगळी. धक्का म्हणजे बळ. हात सुटला की बळ संपतं, पण साठ्यात भर टाकून जातं. तीच भर रंगाऱ्याच्या नाकावर आदळली. आता महाराज, तुम्ही उभे राहा, पलीकडून आशीर्वाद घ्यायला—"

"मी आहे ना!" रंगाऱ्यानं बाह्या सरसावल्या.

"आज आमचं मौन आहे," महाराज म्हणाले, आणि दाराकडे सरकले.

भाऊ मात्र अजून हटून बसला होता. "पण ताई, गाडी सकाळपासून जॅकवर आहे. तसूभर हलली नाही. ताकद बांधल्याशिवाय का?"

"अरे, वजन खाली ओढतंय, जॅक तितक्याच बळानं वर रेटतोय. दोन्ही तोललेत म्हणून हलत नाही. पण उंचीमुळे साठलेली ऊर्जा कुठे गेली? ती तिथेच आहे, जॅक सुटायची वाट बघतेय."

भावाला ते पटेना. "बरं, तुझा जेवणाचा डबा आण," मी म्हटलं. "सकाळी तुझी छाती होती तिथे ठेव. आणि लांब उभा राहून जॅकचा व्हॉल्व्ह सोड."

गाडीची पुढची चाकं काढलेलीच होती. धाडकन आवाज झाला, जमीन हादरली. पुन्हा जॅक लावून त्यानं डबा बाहेर ओढला, तर त्याची ताटली झाली होती. गर्दीत उभी असलेली भावजय हमसून हमसून रडायला लागली. भावानं ती ताटली बाजूला ठेवली. मग तो भंगाराच्या ढिगाकडे गेला आणि एकेक घोडी खांद्यावर घालून आणायला लागला.

एवढ्यात महाराज मागच्या दारानं पळाले. रंगारी बोंबलत मागे धावला, "थांब! थांब!" पण ते काही थांबले नाहीत.

माझं सांगणं एवढंच. वर टांगलेली वस्तू गप्प दिसली तरी तिच्यातला साठा मंत्रानं रिकामा होत नाही. ती खाली उतरवा, नाहीतर खाली भक्कम टेकू द्या. आणि कुणी ताकद बांधून देतो म्हणाला, तर त्यालाच म्हणा, "बांधलीस ना? मग आधी तू झोप गाडीखाली."