एक पॉइंट पंच्याण्णव

नागापूरच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना होता. तिथले तिन्ही कॉम्प्युटर भीमराज सांभाळायचा. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नाही, तेव्हा नवी हार्ड डिस्क आणायला त्यालाच पुण्याला पाठवलं. येताना एसटीत त्याने खोका मांडीवरून खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी डिस्क बसवली. खरेदी बघणारे देशपांडेसाहेब मागे उभे होते. त्यांनी खोक्यावरचं वाचलं, दोन पॉइंट एक जीबी. मग पडद्याकडे पाहिलं. तिथे एक पॉइंट पंच्याण्णव.

"बाकीची कुठे गेली रे?"

"कळत नाही साहेब. दुकानदाराने तर सीलबंद दिली होती."

"सील कोणी फोडलं?"

"मीच. बसवायला."

साहेब नुसतं "हं" म्हणाले आणि खोका घेऊन गेले.

भीमराजने पुण्यात डिस्क बदलली, चांगली विकून हलकी आणली, ही बातमी दुपारच्या आत सगळ्या मशीनींपाशी पोचली. जेवणाच्या सुट्टीत तो नेहमीच्या बाकाकडे गेला, तर सगळे ऐसपैस बसलेले. कोणी सरकलं नाही. त्याने डबा कॉम्प्युटरच्या खोलीत नेऊन खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तिथेच.

सांगणार तरी कुणाला? आईबाप पाथर्डीहून संगमनेरकडे ऊसतोडीला गेलेले, गावच्या घराला कुलूप.

तिसऱ्या दिवशी जेवता जेवता त्याने डिस्कच्या माहितीची खिडकी उघडली. शंभरदा पाहिलेली खिडकी. तिच्यात एक पॉइंट पंच्याण्णवच्या शेजारीच एक लांबलचक आकडा होता, बाइटचा. एरवी तो कोण वाचतो? भीमराजने बोट ठेवून वाचला. दोनशे दहा कोटी.

त्याने हात पुसले आणि कॅल्क्युलेटर ओढला. कॉम्प्युटरचा केबी हजार बाइटचा नसतो, एक हजार चोवीसचा असतो, हे त्याने डिप्लोमाला पाठ केलं होतं. त्या हिशेबाने एक जीबी भरत होता एकशे सात कोटी सदतीस लाखांचा. डिस्क बनवणाऱ्यांनी मात्र सरळ शंभर कोटींचा धरला होता. भागाकार केला. एक पॉइंट पंच्याण्णव! कुठे काही गेलंच नव्हतं. तो मोठ्याने हसला. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं.

भीमराजने कागदावर मांडून नेलेला भागाकार देशपांडेसाहेबांनी स्वतः दोनदा करून पाहिला.

"म्हणजे डिस्क बरोबर आहे तर. मग त्याच दिवशी नाही का सांगायचं?"

"साहेब, बाकीच्यांना जरा सांगाल का?"

"काय सांगू? तुला कोणी काही म्हटलंय का?"

खरंच, तोंडावर कोणीच काही म्हटलं नव्हतं. भीमराज कागदाची घडी घालून बाहेर आला.

रविवारी तो संगमनेरच्या बाजूला, आईबापाच्या टोळीच्या फडावर गेला. त्याची आई बनाबाई उसाची मोळी बांधत होती. त्याला बघून ती उठून उभी राहिली.

"असा मदीच कसा आलास रं? कामावर कोन काय बोललं का?"

"न्हाई, कोन बोलतंय?" तो म्हणाला. "सुट्टी हुती."

तिने त्याच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. भीमराजने बाह्या वर सारल्या, तिच्या पुढ्यातली मोळी उचलून डोक्यावर घेतली आणि गाडीकडे चालू लागला.